दोन काट्यांची एकच साक्ष

आजचा धागा एका लहानशा वस्तूचा आहे. जुन्या मोटारीत चालकासमोर असलेल्या तबकड्यांचा, त्यांतल्या काट्यांचा, आणि हे काटे खोटे बोलू लागले की खरे काय ते कसे शोधायचे याचा. इतिहासाच्या वाचकांना हा विषय क्षणभर परका वाटेल. पुढे तसा वाटू नये.

प्रथम शब्द. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोडागाडीत, चालकाच्या पायांपुढे एक उभी फळी असे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. पुढे घोडा गेला, टापा गेल्या. फळी मात्र नव्या वाहनात तशीच येऊन बसली. मग त्या रिकाम्या फळीवर एकेक तबकडी चढत गेली.

ती चढण फार सावकाश झाली, हे आज खरे वाटत नाही. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर खपली; तिच्यात पेट्रोलचा काटा नव्हता. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल किती उरले हे पाहायचे तर उतरायचे, गादी उचलायची, झाकण काढायचे आणि लाकडी पट्टी आत बुडवून ती कुठपर्यंत ओली झाली ते पाहायचे. पेट्रोल इंजिनाकडे केवळ उताराने वाहत जाई, पंप नव्हता. त्यामुळे टाकीत थोडे पेट्रोल असताना तीव्र चढ आला की गाडीचे नाक वर होई आणि इंजिनाला घोट मिळेनासा होई. अशा वेळी लोक गाडी वळवीत आणि चढ उलट्या दिशेने, मागे मागे चढत. फोक्सवॅगनच्या बीटलनेही १९६१ सालापर्यंत पेट्रोलचा काटा दिला नव्हता. इंजिन धापा टाकू लागले की पायापाशी असलेली कळ फिरवायची. मग टाकीच्या तळाचे राखीव पेट्रोल सुरू होई. ती कळ आदल्या खेपेस फिरवून तशीच ठेवली असेल, तर मात्र पुढचा प्रवास पायी.

पाण्याच्या तपमानाचे मापक तर आरंभी डॅशबोर्डावर नव्हतेच. अमेरिकेत १९१० च्या दशकात रेडिएटरच्या झाकणावर, म्हणजे गाडीच्या अगदी नाकावर, बसवायचा ‘बॉइस मोटोमीटर’ लोकप्रिय झाला. चालकाने काचेतून समोर पाहायचे आणि दूरवरच्या त्या छोट्या तापमापकातील लाल रेषा वाचायची. तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचे तपमान सांगे.

वेगमापकाची कथा निराळी, कारण त्यामागे कायदा होता. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली, ती १ जानेवारी १९०४ पासून लागू झाली. मर्यादा आली की मोजमाप आले आणि मोजमाप आले की वादही आला. त्याच्या थोडेसेच आधी, १९०२ साली, ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने एका यंत्राचे पेटंट घेतले होते. चाकांशी जोडलेली लवचिक केबल एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती धातूची हलकी वाटी असते. दोहोंचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखून धरते. ही ओढ आणि ही रोख जिथे समतोल साधतात तिथे काटा थांबतो. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातील बहुतेक मोटारींनी याच वाटीवर विश्वास ठेवला.

केसासारखी स्प्रिंग, बारीक चक्रे, पांढऱ्या आकड्यांची काळी तबकडी : हे सारे ओळखीचे वाटते ते उगाच नव्हे. हा सगळा घड्याळजींचा माल आहे. ब्रिटिश मोटारींच्या असंख्य तबकड्यांवर ज्या ‘स्मिथ्स’चे नाव दिसते, ते लंडनच्या सॅम्युएल स्मिथ यांच्या घड्याळांच्या पेढीचे. सातव्या एडवर्ड राजाच्या मर्सिडीज मोटारीसाठी १९०४ साली या पेढीने मापक बनवून दिले, आणि मग ती मोटारींच्या धंद्यात जी शिरली ती उत्तर लंडनमधील क्रिकलवूडच्या मोठ्या कारखान्यापर्यंत. जॅग्वार गाड्यांवर दिसणारे ‘येगर’ हे नावही असेच घड्याळांच्या दुनियेतून आलेले.

आता मूळ विषयाकडे वळू. १९६० च्या दशकातली एखादी ब्रिटिश मोटार डोळ्यांसमोर आणावी. समजा, कॉव्हेंट्रीच्या ट्रायंफची स्पिटफायर. (ट्रायंफ हेराल्ड ही तिचीच थोरली बहीण, ती आपल्याकडे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने मद्रासला तयार होत असे. जुन्या पिढीला ती आठवेल.) गाडीचा मालक हौशी आहे, पण वायरींना भिणारा आहे. एके दिवशी तो पाहतो की तपमानाचा काटा लाल खुणेला टेकला आहे. तो घाबरतो, आणि त्याचे घाबरणे योग्यच आहे. कारण तापलेले इंजिन हेड वाकवते, गॅस्केट जाळते, आणि मग खर्चाला सीमा राहत नाही. तो थर्मोस्टॅट बदलतो. रेडिएटर उकळून साफ करून घेतो. पाण्याचा पंप नवा बसवतो. काटा तिथेच. कोणीतरी सांगते, हेड उघडावे लागेल.

या सगळ्या धावपळीत त्याने एक गोष्ट पाहिलेली नसते. शेजारचा पेट्रोलचा काटा ‘पूर्ण’च्याही पलीकडे गेलेला आहे, आणि टाकी तर तीन दिवसांपूर्वी अर्धी झाली होती.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. वि. सी. सुकथनकरांच्या हाताखाली पंडितांनी देशभरातील हस्तलिखिते शेजारीशेजारी ठेवून एकेक श्लोक ताडून पाहिला. या शास्त्रातील एक साधे सूत्र असे : दोन पोथ्या एकाच ठिकाणी एकाच प्रकारे चुकत असतील, तर ती चूक दोघांनी स्वतंत्रपणे केली असे सहसा मानायचे नाही. दोघींचीही एखादी समान मातृका असली पाहिजे आणि चूक तिथे शोधली पाहिजे. दोन साक्षी दिसत असल्या तरी साक्षीदार एकच आहे.

स्पिटफायरच्या दोन काट्यांचीही मातृका एकच असते. तिचे नाव व्होल्टेज स्टॅबिलायझर. डॅशबोर्डामागे, अंधाऱ्या जागी, एका स्क्रूने बॉडीला बसवलेली काडेपेटीहूनही लहान पत्र्याची डबी.

ती का लागली, हे समजण्यासाठी काट्यांच्या पोटात डोकावले पाहिजे. १९६० च्या दशकातल्या या नव्या मापकांत चुंबक नाही. आत दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींना जोडलेली पट्टी आहे आणि तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली आहे. तारेतून वीज गेली की पट्टी तापते. दोन धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. टाकीतला तरंगता फ्लोट वर गेला की मार्गातला विरोध कमी होतो, वीज जास्त जाते, पट्टी जास्त वाकते. पट्टी तापायला वेळ लागत असल्याने पेट्रोल टाकीत हिंदकळले तरी काटा नाचत नाही. आधीच्या चुंबकी मापकांत तो वळणावळणाला नाचत असे.

ही द्विधातू पट्टी जॉन हॅरिसन यांची. अठराव्या शतकात समुद्रावर रेखांश मोजण्यासाठी त्यांनी जी घड्याळे केली, त्यांतल्या तिसऱ्या घड्याळात ती प्रथम आली. उष्णतेने घड्याळाची चाल बिघडते, तो बिघाड रद्द करण्यासाठी. घड्याळजींनी जी युक्ती उष्णतेचा परिणाम पुसून टाकण्यासाठी शोधली, तीच युक्ती त्यांच्या वंशजांनी दोनशे वर्षांनी उष्णतेकरवीच मोजमाप करण्यासाठी उलटी वापरली. यंत्रांच्या इतिहासात यापेक्षा देखणे वळण क्वचितच सापडेल.

पण या मापकात एक खोट होती. मोटारीची वीज स्थिर नसते. इंजिन बंद असता बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन जोरात चालू असता आणि बॅटरी भरली जात असता आकडा १४ च्या घरात जातो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की टाकीत पेट्रोल ‘वाढले’ असे दिसणार. म्हणून ही डबी आली. ती दोन्ही काट्यांना सरासरी १० व्होल्टच देते. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. डबीच्या आत पुन्हा तीच द्विधातू पट्टी, तीच गुंडाळलेली तार. पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, वीज बंद. पट्टी निवते, सरळ होते, संपर्क जुळतो, वीज सुरू. म्हणजे डबीतून १० व्होल्ट कधीच बाहेर पडत नाहीत. पूर्ण वीज किंवा शून्य, एवढेच बाहेर पडते. काटे इतके मंद की त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. ते तिची सरासरीच वाचतात. मंदपणाचा असा उपयोग करून घेणाऱ्या अभियंत्याला दाद द्यावीशी वाटते.

आणि या डबीची दुखरी नस म्हणजे तो एक स्क्रू. डबीच्या आतली तार तापायची तर वीज तिच्यातून बॉडीत, म्हणजे अर्थला, गेली पाहिजे. स्क्रूखाली गंज चढला, किंवा कोणी हौसेने डॅशबोर्डामागे रंग फासला, की हा मार्ग तुटतो. मग तार तापत नाही, पट्टी वाकत नाही, संपर्क कधीच उघडत नाही आणि दोन्ही काट्यांना अखंड पूर्ण दाबाची वीज मिळते. दोघेही वर चढतात. इंजिन थंडगार, टाकी अर्धी, आणि समोर चित्र मात्र भरलेल्या टाकीचे व उकळत्या पाण्याचे.

तपास करायचा तो या क्रमाने. दोन्ही काटे एकाच दिशेने चुकत असतील तर आधी डबी. काटे असलेला जुना व्होल्टमीटर, किंवा लहानसा टेस्ट लॅम्प, डबीच्या ‘आय’ या टोकाला आणि बॉडीला लावावा. डबी निरोगी असेल तर सुरुवातीच्या काही क्षणांनंतर दिवा लुकलुकू लागतो. डिजिटल मीटरवर मात्र आकड्यांची नुसती धावपळ दिसते आणि नवशिक्या गोंधळून जातो. दिवा अखंड जळत असेल तर डबीच्या पत्र्यापासून स्वच्छ धातूपर्यंत एक तात्पुरती वायर लावून पाहावी. काटे खाली उतरू लागले तर रोग सापडला. औषध म्हणजे पॉलिश पेपरचा तुकडा. दिवा मुळीच पेटत नसेल तर ‘बी’ या टोकाला वीज येते का ते पाहावे. या गाड्यांत फ्यूजमधून येणारी, चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर हिरवी असते. ल्युकासच्या रंगसंकेताचे हे एक मोठे उपकार.

एकच काटा चुकत असेल तर डबी निर्दोष मानावी आणि त्या काट्याच्या सेंडरकडे जावे. पेट्रोलची वायर हिरवी-काळी, तपमानाची हिरवी-निळी. ती सेंडरवरून काढली की काटा तळाशी निजला पाहिजे, आणि क्षणभर बॉडीला टेकवली की सावकाश वर चढला पाहिजे. चढू लागताच वायर काढावी, नाहीतर आतली नाजूक तार जळते. काटा असा वागला तर तो आणि वायर दोन्ही खरे. खोटा आहे तो सेंडर.

या चाचणीत एक सापळा आहे आणि तो निव्वळ इतिहासाचा आहे. १९६० च्या दशकाआधीच्या स्मिथ्सच्या चुंबकी मापकांत हे सगळे उलटे चालते. तिथे वायर काढली की काटा ‘पूर्ण’कडे उडी मारतो आणि बॉडीला टेकवली की ‘रिकामा’ दाखवतो. एका पिढीचे पुस्तक हाती घेऊन दुसऱ्या पिढीची गाडी तपासणारा माणूस चांगले मापक फेकून देतो आणि बिघडलेले जपून ठेवतो. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. चावी फिरवावी. काटा झटकन उठून बसला तर चुंबकी; झोपेतून जागे होत असल्यासारखा हळूहळू उठला तर द्विधातू. साधनाचा काळ ठरवल्यावाचून त्याचा अर्थ लावू नये, हे बखरी वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

टाकीतून बाहेर काढलेला सेंडर ही मोठी बोलकी वस्तू असते. एका लांब दांडीच्या टोकाला फ्लोट, दुसऱ्या टोकाला बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकणारी पितळी जीभ. टाकी भरली की विरोध सुमारे २० ओहम, रिकामी झाली की २५० च्या आसपास. पितळी फ्लोट कानापाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळले तर त्याला भोक पडले आहे, तो बुडतो आहे, आणि म्हणून काटा कायम ‘रिकामा’ म्हणतो. अशा फ्लोटला कधीही थेट डाग देऊ नये. आतली वाफ पेट घेते. आधी भोक मोठे करून तो पूर्ण रिता करावा, वाफ जाऊ द्यावी, मगच सोल्डर. हे काम उघड्यावर, बॅटरी सोडवून. वेटोळ्याकडे भिंगातून पाहिले तर तार सगळीकडे सारखी झिजलेली दिसत नाही. वरचा भाग झिजला असेल तर गाडी बहुधा भरल्या टाकीने फिरली. खालचाच भाग झिजला असेल तर मालक थोडे थोडे पेट्रोल घालणारा होता. कागदपत्रांत न सापडणारी ही नोंद त्या तारेवर असते.

वेगमापकाचा काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलचा : सुकलेली, किंवा कुठेतरी जास्त वाकवलेली. तिला वंगण द्यावे, पण मापकाकडचे शेवटचे दोन-तीन इंच कोरडे ठेवावेत. नाहीतर फिरती केबल तेल वर चढवते, ते वाटीपर्यंत पोचते आणि काटा चिकटतो. तबकडीवर बारीक अक्षरांत छापलेला एक आकडाही पाहावा, १००० किंवा १२८० असा काहीतरी. एका मैलात केबलचे किती फेरे व्हावेत, तो हा आकडा. गाडी मैलाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे १६.१ मीटर, सरळ ढकलावी आणि केबलचे फेरे मोजावेत. तबकडीवर १००० असेल तर १० फेरे भरले पाहिजेत. न भरले तर कोणीतरी मधल्या काळात गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल किंवा हे मापकच दुसऱ्या गाडीतून आणून बसवले आहे. अस्सल म्हणून विकल्या गेलेल्या गाडीचे बिंग असे १६ मीटरांत फुटू शकते.

एक इशारा मात्र गंभीरपणे द्यायला हवा. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या विमानांच्या आणि काही मोटारींच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असे, आणि त्यात रेडियम असे. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करायला शिकवले जाई. त्यांच्या जबड्यांची हाडे कुजली, अनेकजणी मेल्या. उरलेल्यांचा खटला १९२८ साली तडजोडीने मिटला. आज त्या काळच्या तबकड्या चमकत नाहीत, म्हणून लोकांना त्या निरुपद्रवी वाटतात. वास्तविक थकले आहे ते चमकणारे जस्ताचे संयुग. रेडियम अर्धे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. ते जवळजवळ तेवढेच शिल्लक आहे. युद्धपूर्व काळातल्या मापकाचे आकडे पिवळट-तपकिरी आणि भुसभुशीत दिसत असतील तर काच उघडू नये, खरवडू नये, फुंकरही मारू नये.

राहता राहिला तो स्टॅबिलायझर आणि त्याच्याभोवतीचा एक जुना वाद. आज १० व्होल्ट स्थिर देणारी तीन पायांची एक चिप क्षुल्लक किमतीला मिळते. अनेक कारागीर जुन्या डबीचा पत्रा उघडतात, आतली पट्टी काढतात, तिच्या जागी चिप जोडतात आणि पत्रा पुन्हा वळवून ठेवतात. बाहेरून फरक कळत नाही. एवढे मात्र पाहावे लागते की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. जुन्या पट्टीला धन काय नि ऋण काय, सारखेच. चिपला तसे चालत नाही, ती उलट्या जोडणीत निकामी होते.

शुद्धतावाद्यांना ही चिप म्हणजे लबाडी वाटते. ते मत थोडे टोकाचे आहे. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर खरे सांगणारा काटा हवाच, आणि पन्नास वर्षांच्या संपर्कबिंदूंवर इंजिनाचा जीव टांगणे शहाणपणाचे नाही. आक्षेप असायला हवा तो नोंद न ठेवण्याला. घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने एक खूण, एक तारीख कोरून ठेवतात. शंभर वर्षांच्या खिशातल्या घड्याळात अशा चार-पाच हातांच्या खुणा सापडतात. मोटारींच्या मापकांना ही परंपरा त्यांच्याच माहेरून मिळायला हवी होती. चिप बसवणाऱ्याने पत्र्याच्या आत वर्ष कोरावे, काढलेली पट्टी एका लिफाफ्यात घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी. खूण नसली तर पुढच्या माणसाला टेस्ट लॅम्पच लावून पाहावा लागेल : मूळची डबी लुकलुकते, बदललेली स्थिर जळते.